मामांच्या द्राक्षबागेचं खत, आमच्या गॅलरीतलं अळू

हायड्रोपोनिक्सचा, म्हणजे मातीशिवाय नुसत्या खतपाण्यावर रोपं वाढवण्याचा, तयार संच बघायला गेलं की पांढरे पाइप, पंप, टायमर आणि 'ए' आणि 'बी' अशी अक्षरं छापलेल्या महाग बाटल्या समोर येतात. एवढ्या पैशांत वर्षभराचा पालक मंडईतून आला असता. ठाण्यातल्या आमच्या गॅलरीत ऊनही सकाळी अकरापर्यंतच. म्हणून पंप नसलेल्या पद्धतीपासून सुरुवात केली.

ही पद्धत अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठातले बर्नार्ड क्रॅट्की यांच्या नावाने ओळखली जाते. झाकणाच्या खोक्यात खतपाणी भरायचं, झाकणाला भोकं पाडून जाळीदार कप बसवायचे, कपाचं बूड पाण्याला जेमतेम टेकलं पाहिजे. रोप पाणी पीत जातं तशी पातळी खाली सरकते, आणि मधल्या दमट पोकळीतली मुळं हवा घ्यायला लागतात. वरची मुळं हवेला, खालची पाण्याला. त्यामुळे अर्धं रिकामं खोकं बघून जीव कळवळला तरी ते पुन्हा काठोकाठ भरायचं नसतं. हवेला सरावलेली मुळं बुडाली की रोप गुदमरतं. भर घालायचीच तर दोन-तीन बोटं.

खोकी मासळी बाजारातून आणली. बर्फात मासे येतात ती थर्माकोलची. मावशींनी आधी "कशाला पाहिजे गं?" विचारलं, मग हसत हसत दोन जास्तीची दिली. वास जायला साबण, मीठ आणि दोन-चार दिवसांचं ऊन लागलं. खोकी पाझरतात, म्हणून आत काळं जाड प्लास्टिक अंथरलं. त्या काळ्या रंगाने दुसरंही काम होतं: पाण्यापर्यंत उजेड पोचला की हिरवं शेवाळ धरतं आणि रोपाचं खत तेच खातं. पांढऱ्या बादलीत हे हमखास होतं. शिवाय थर्माकोलमध्ये पाणी लवकर तापत नाही, आणि ठाण्याच्या एप्रिलमध्ये याचं मोल फार. पाणी कोमट झालं की त्यात प्राणवायू कमी राहतो, मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात आणि त्यांना वास येतो.

खरा प्रश्न खताचा होता. जो तो सांगतो, १९:१९:१९ टाका, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत. नाशिकजवळ दिंडोरीकडे मामांची द्राक्षबाग आहे, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, पोत्यामागची बारीक अक्षरं वाच आधी." वाचली. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीतले जिवाणू युरियाचं अमोनिया आणि मग नायट्रेट करतात, तेव्हा ते मुळांना नीट लागू पडतं. स्वच्छ पाण्याच्या खोक्यात हे जिवाणू पुरेसे नसतात. आणि त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम नाहीच.

मामा ड्रिपमधून जी विद्राव्य खतं सोडतात, नेमकी तीच इथे लागतात: कॅल्शियम नायट्रेट, १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट), ००:५२:३४ (स्फुरद-पालाशचं खत), मॅग्नेशियम सल्फेट, चिलेटेड लोह (विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनाच्या पकडीत धरलेलं) आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचं फवारणीचं मिश्रण, ग्रेड २. मामांच्या शब्दांत सांगायचं तर, "हे आमचंच ड्रिप झालं की, फक्त माती काढून घेतलीस." त्या महाग बाटल्यांतही थोड्याफार फरकाने हेच क्षार असतात. कृषी सेवा केंद्रात ते किलोवर मिळतात.

माझं प्रमाण पालेभाज्यांपुरतं सांगते. एक लिटर पाण्याच्या पहिल्या बाटलीत ६५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि दीड-दोन ग्रॅम चिलेटेड लोह. दुसऱ्या लिटरभरात ३० ग्रॅम १३:००:४५, १८ ग्रॅम ००:५२:३४, ४० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि दोन-एक ग्रॅम सूक्ष्म अन्नद्रव्यं. खोक्यातल्या दर लिटर पाण्याला दोन्हींतलं १०-१० मिली. औषधाच्या बाटलीचं माप त्याला बरोबर चालतं. म्हणजे ही जोडी १०० लिटरला पुरते. दोन बाटल्या वेगळ्या ठेवण्याचं कारण असं की घट्ट द्रावणात कॅल्शियमची सल्फेट आणि फॉस्फेटशी गाठ पडली की पांढरा गाळ तळाला बसतो आणि तो परत विरघळत नाही. खोक्यातसुद्धा एक ओतून, ढवळून, मगच दुसरं. वजनाला सोनारांकडे असतो तसला छोटा काटा घेतला. आणि कॅल्शियम नायट्रेटची पिशवी पावसाळ्यात उघडी ठेवू नका, हवेतला ओलावा ओढून त्याचं पाणी होतं. माझं बरणीत, घट्ट झाकणाखाली असतं.

पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो आणि तो घ्याच. आमच्या नळाचं पाणी मीटरवर शंभराच्या आत येतं, खतं मिसळली की आठशे-नऊशे. मे महिन्यात टँकर सुरू झाला की नुसत्या पाण्याचाच आकडा पाचशेच्या वर जातो. त्यात माप धरून खत घातलं तर पानांच्या कडा करपतात. तेव्हा मी नवी लागवड करत नाही. जूनमध्ये गॅलरीत बादली लावली की पावसाचं पाणी मिळतं, ते सगळ्यात उत्तम.

सामू, म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा पीएचचा आकडा, ५.५ ते ६.५ च्या मध्ये हवा. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी थेंबांची तपासणी बाटली मला पुरते. रोप नायट्रेट उचलतं तसा सामू वर चढतो, आणि ६.५ च्या पुढे चिलेटेड लोहाची, म्हणजे त्यातल्या साध्या, ईडीटीए नावाच्या रसायनाने धरलेल्या लोहाची, पकड सुटायला लागते. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की ओळखायचं. लिंबू पिळायचा सल्ला मिळतो, पण त्यातलं आम्ल जंतू खाऊन टाकतात आणि सामू पुन्हा वर. मामा ड्रिपच्या नळ्या साफ करायला फॉस्फोरिक आम्ल वापरतात. त्यातलंच थोडं आणलं. हातमोजे घालून, आम्ल पाण्यात टाकायचं (पाणी आम्लात नव्हे), तेही थेंबाथेंबाने.

डासांचं मात्र आधी सुचलं नव्हतं. महापालिकेच्या मलेरिया विभागाच्या ताई कुंड्यांखालच्या बशा तपासायला येतात, त्यांनी खोक्याकडे बोट दाखवून "हे उघडा" म्हटलं. टॉर्च मारून पाहिलं, अळ्या नव्हत्या. पण कप आणि झाकण यांच्यामधल्या फटी त्यांनीच दाखवल्या. आता तिथे स्पंजच्या पट्ट्या ठासलेल्या असतात आणि झाकणाला कडेने चिकटपट्टी.

पिकांचं म्हणाल तर लेट्यूस या पद्धतीचं लाडकं, झटपट येतं, पण आमच्याकडे खाणारी मी एकटी. पालक छान येतो. आपला पालक बिटाच्या कुळातला, त्याचं एक बी म्हणजे खरं तर बियांचा झुबका, त्यातून दोन-तीन रोपं निघतात. रात्रभर भिजवायचं आणि एक ठेवून बाकीची कात्रीने कापायची. चुका येतो, पुदिन्याची काडी तर नुसत्या पाण्यातही मुळं धरते. मेथी मातीच्या ट्रेमध्ये इतकी सहज होते की तिच्यासाठी खोकं अडवू नये. चेरी टोमॅटो लावला, तो वाढल्यावर एवढं पाणी प्यायला लागला की सुट्टीत गावी जायची चोरी.

अळूने सगळ्यांना मागे टाकलं. कोकणात न्हाणीच्या सांडपाण्यावर परसात माजतं ते हे पीक, त्याला पाण्याचं काय नवल! सासूबाईंनी गावाहून वडीच्या अळूचे कंद आणले होते, त्यातले दोन मोठ्या कपात बसवले. त्याला एका खोक्यात एकटंच ठेवते, नाहीतर शेजारच्या पालकावर सावली धरतं. पानं परातीएवढी होतात आणि सासूबाईंच्या मते वड्या खाजत नाहीत. श्रेय अर्थातच त्यांच्या कंदांना.

खोकं संपलं की तळाचं पाणी तुळशीला आणि सोसायटीच्या जास्वंदीला, आतलं प्लास्टिक घासून नवी भर. कॅल्शियमची बरणी आता तळाला आली आहे. ऑक्टोबर छाटणीला मामांकडे नवी पोती येतात, तेव्हा जाऊन दोन किलो आणायचं ठरलंय. बदल्यात त्यांनी अळूचा कंद मागितलाय.