त्या सकाळी थंडी कमी होती

पहाटे सहाला तंबूबाहेरचा थर्मामीटर उणे ९ दाखवत होता. आदल्या तीन रात्री तो उणे २२च्या वर आला नव्हता. मंडळी खूश होती. "ताई, आज हातमोजे काढून चहा पिता येतोय!" कुणीतरी ओरडलं. माझ्या पोटात मात्र गोळा आला होता. रात्रभर आभाळ भरलेलं होतं आणि नदीवर चार बोटं भुसभुशीत हिम साचलं होतं. गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालणाऱ्याला निरभ्र, हाडं गोठवणारी रात्र हवी असते. ढगांची रात्र म्हणजे घात.

मी तेव्हा ट्रेक लीडर होते. जानेवारी-फेब्रुवारीत लडाखमध्ये काम असायचं. चिलिंग गावाच्या पुढे तिलत सुमदोला नदीवर उतरायचं, गोठलेल्या पात्रावरून नेरक गावापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परतायचं. आम्ही नेरक करून परत निघालो होतो आणि तिब्बच्या गुहेपाशी मुक्काम होता. महाराष्ट्रातले ११ जण, स्वयंपाकी, पोर्टर आणि वाटाडे. वाटाडे पन्नाशीचे झंस्कारी गृहस्थ. मी त्यांना 'अचो-ले' म्हणायची. अचो म्हणजे थोरला भाऊ आणि ले म्हणजे आपलं 'जी'. आज ट्रेकर जातात ती ही वाट मुळात यांची. हिवाळ्यात खिंडी बंद झाल्या की लोणी विकायला, मुलांना लेहच्या शाळेत पोचवायला झंस्कारची माणसं हिच्यावरून चालत आली आहेत.

नदी गोठते म्हणजे सगळी गोठते असं नाही. कडाक्याच्या थंडीत वाहत्या पाण्यात बर्फाचा रवा धरतो, त्याच्या ताटाएवढ्या चकत्या होतात आणि एकमेकींवर घासत, काठाला चिकटत जातात. तीच चादर. मधून पाणी वाहतच असतं. अरुंद घळीत हा रवा तुंबला की मागे पाणी चढतं आणि चादरीवरून वाहू लागतं. तुंबारा फुटला की पाणी झपकन उतरतं आणि वरचा बर्फ अधांतरी राहतो. दिसायला भक्कम, आत पोकळ. त्यावर हिम पडलं की दोन गोष्टी होतात. तडे झाकले जातात, आणि ते गोधडीसारखं पांघरूण होऊन खालच्या बर्फाला जाड होऊ देत नाही. म्हणून वाटाड्याच्या हातात काठी असते. तो बर्फ ठोकत चालतो. टणक आवाज आला की पुढे, ढोलकीसारखा आला की थांब.

अचो-ले काठी घेऊन शंभर पावलं गेले, परत आले, म्हणाले, "आज बैठो, दीदी."

इथे मी चुकले. तिसऱ्या दिवशी सगळ्यांची लेहहून विमानं होती. दोघा-तिघांनी कुरकुर सुरू केली होती. मी म्हटलं, "पुढच्या वळणापर्यंत बघून तर येऊ." अचो-ले काही बोलले नाहीत. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळला होता, तरी मी निघाले. बरोबर ते आणि विशीतला एक पोर्टर. त्याने रिकामी घसरगाडी बरोबर घेतली होती, तिची दोरी कमरेला.

वळणावर तो आमच्यापेक्षा दहा पावलं पुढे होता. आवाज मोठा नव्हता, पापड मोडल्यासारखा. तो छातीपर्यंत आत गेला.

शून्य अंशाच्या पाण्यात पडलेल्या माणसाला पहिलं मिनिटभर श्वासच आवरत नाही. तोंड पाण्याखाली असेल तर तेवढ्यातच संपतं. त्याचं डोकं वर राहिलं ते दोरीमुळे. घसरगाडी भोकाच्या कडेला आडवी अडकली होती. मी धावणार तोच अचो-लेंनी मला मागे ओढून खाली पाडलं. "लेटो!" आम्ही दोघं पोटावर सरपटत गेलो आणि घसरगाडी धरून त्याला आडवाच ओढला. एक गमबूट पाण्यातच गेला. गुहेपर्यंत येईतो त्याची पँट लाकडासारखी ताठ झाली होती.

गुहेत सगळे मदतीला धावले, आणि प्रत्येकाची मदत चुकीची होती. एक जण हात चोळायला लागला, एकाने रमची बाटली काढली, दुसरा त्याला शेकोटीला टेकवायला निघाला. मी ओरडले. माझा असा आवाज मीसुद्धा पूर्वी ऐकला नव्हता. ओले कपडे कापून काढले, अंग टिपलं, दोन स्लीपिंग बॅगांत घातलं. गरम पाण्याच्या बाटल्या मोज्यांत गुंडाळून काखेत आणि छातीशी ठेवल्या. तो इतका थरथरत होता की दात वाजल्याचा आवाज गुहेत भरला होता. मला तो आवाज हवाच होता. अंग गार असताना थरथर थांबली तर शरीराने हार मानलेली असते. पाऊण तासाने तो स्वतःच्या हाताने कप धरू शकला, तेव्हा गोड चहा दिला. विमानाचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही.

दुपारी पाणी चढलं. आम्ही सकाळी चाललो होतो ती पट्टी घोटाभर पाण्याखाली गेली. रात्री आभाळ उघडलं, पहाटे उणे २४. अचो-लेंनी काठी ठोकली आणि मान डोलावली. भोकावर काचेसारखा नवा बर्फ धरला होता. आम्ही खडकाला धरून एकेक करत तिथून गेलो.

त्या मुलाच्या एका पायात गमबूट आणि दुसऱ्यात माझा जादाचा बूट होता, मोजे कोंबून बसवलेला. तिलत सुमदोला गाडीपाशी पोचल्यावर त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "दीदी, परसों का ग्रुप मुझे मिलेगा ना?" त्याच्या वर्षभराच्या रोख कमाईतला मोठा वाटा या पाच-सहा आठवड्यांत येतो. मी त्याला आठवडाभर विश्रांती सांगितली. तेवढ्या दिवसांची मजुरी द्यायला आमची कंपनी तयार नव्हती. गटातल्या अकरा जणांनी गाडीतच पैसे काढले आणि लेहच्या बाजारात मी त्याला नवे गमबूट घेऊन दिले. पाचव्या दिवशी तो मला पुन्हा नदीवर दिसला, दुसऱ्या गटाचं सामान ओढताना.