ओहोटीला भेटू

मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी

भांगाचे दिवस. चंद्र आणि सूर्य काटकोनात ओढत असतात, त्यामुळे पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावरचे खडक आज अर्धेमुर्धेच उघडे पडणार. ओहोटीला किनाऱ्यावरचे जीव बघायला मित्राबरोबर जायचं तर आज जाण्यात अर्थ नाही, पण त्याला फोन करायचा तो आजच. पौर्णिमेला आठवडा आहे, तेवढ्यात समोरच्याला रजा किंवा शिफ्ट जुळवता येते.

हिशेब कोकणातला जुनाच. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, जे येईल तितके वाजता साधारण पूर्ण भरती. अष्टमीला सहा. त्रयोदशीला पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून ठिकाण पक्कं करण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता बघायचाच. तक्त्यात वेळेइतकीच उंचीही बघायची. ओहोटीचा आकडा अर्ध्या मीटरच्या आसपास किंवा त्याखाली असेल तर खडक नीट उघडे पडतात. दीड मीटर असेल तर चौपाटीवर नुसतं फिरून यावं. मुंबईकरांना यातलं दुसरं टोक पाठ असतं, कारण पावसाळ्यात पालिका साडेचार मीटरवरच्या भरत्यांची यादी काढते. ओहोटीची यादी कुणी विचारत नाही.

या शहरातल्या मैत्र्या ‘भेटू कधीतरी’वर वर्षानुवर्षं तग धरून असतात. एक डोंबिवलीला, एक गोरेगावला, रविवार घरकामात जातो. ‘त्रयोदशीला तीनला चर्नी रोड’ असं सांगितलं की गोष्ट वेगळी होते. सिनेमा पुढच्या आठवड्यात बघता येतो, हॉटेल कुठे पळून जात नाही. ओहोटी मात्र कुणासाठी थांबत नाही आणि पंधरा दिवसांशिवाय तशी परत येत नाही. त्यामुळे माणसं येतात.

एकादशी

यासाठी हिवाळाच का, याचं उत्तर मुंबईच्या भरतीतच आहे. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, पण दोन्ही सारख्या नसतात. पावसाळ्यात उधाणाची मोठी भरती भर दुपारी येते, खोल ओहोटी पहाटे-सकाळी होते आणि संध्याकाळची ओहोटी उथळच राहते. हिवाळ्यात हे उलटं होतं. मोठी भरती मध्यरात्री आणि खोल ओहोटी संध्याकाळी. म्हणून मार्गशीर्ष ते माघ संध्याकाळी जायचं, आणि चैत्र-वैशाखात जायचं तर उजाडताना.

अडचण उजेडाची. सगळ्यात खोल ओहोटी पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते, पण तेव्हा ती सात-साडेसातला, आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. तेव्हा थोडी खोली सोडायची आणि उजेड घ्यायचा. त्रयोदशी ते पौर्णिमा हे तीन दिवस सोयीचे.

पिशवीत काय: पेन्सिल (बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही), छोटी वही, पाण्याची बाटली, हातपाय पुसायला पंचा, टॉर्च, आणि एक काळी छत्री. छत्री उन्हासाठी नव्हे, तिचं काम चतुर्दशीला कळेल. पायात मागे पट्टा असलेले फ्लोटर किंवा जुने कॅनव्हासचे बूट. साधी चप्पल चिखलात रुतते नि अंगठा तुटतो. अनवाणी तर मुळीच नाही. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात, कापलेलं लवकर भरत नाही.

त्रयोदशी. गिरगाव, वाळू

पहिल्या दिवशी वाळूच बरी. कुणी नवीन सोबत असेल तर नक्कीच.

ओहोटीच्या वेळेआधी तासभर पोहोचायचं आणि उतरत्या पाण्याच्या मागे मागे खाली जायचं. लोक ओहोटीची वेळ गाठून येतात आणि तिथे चूक होते, कारण बघायचा बहुतेक वेळ निघून गेलेला असतो. शिवाय नुकत्याच उघड्या पडलेल्या ओल्या वाळूतच हालचाल असते, कोरडी झाली की सगळे आत.

ओल्या पट्ट्यात मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसते. मधे एक बारीक बीळ, आणि तिथून चहूकडे गेलेल्या ओळी. हे काम नखाएवढ्या खेकड्याचं. पाणी हटलं की तो बिळातून निघतो, नांगीनं वाळू तोंडाशी नेतो, कणांवरचा खाण्याजोगा थर चाटून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. ओळींच्या मधली वाट मात्र मोकळी ठेवतो, संकट आलं की त्याच वाटेनं सरळ बिळात. पाऊल पडलं की दहा फुटांवरचे सगळे गुडूप होतात. तेव्हा उकिडवं बसायचं आणि हलायचं नाही. दोन-तीन मिनिटांत पहिला डोकावतो, मग बाकीचे. गप्पा चालतील, ते आवाजापेक्षा सावलीला आणि पायांच्या धपधपीला बुजतात. सूर्य समोर राहील असं बसलं की आपली सावली मागे पडते. दोघांनी बोलत बसावं असा याहून स्वस्त कार्यक्रम शहरात नाही. रात्रीची भरती सगळ्या गोळ्या पुसून टाकते आणि उद्या तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

शिंपल्या चाळताना एखादीला गोल, गुळगुळीत भोक सापडतं. माळ ओवायला कुणी पाडल्यासारखं. ते चंद्रगोगलगाईचं. ती वाळूखाली शिंपलीला धरते, आम्लासारखा स्राव सोडून कवच मऊ करते आणि खरखरीत जिभेनं कित्येक तास कोरत राहते. भोक बाहेरून रुंद आणि आत निमुळतं असेल तर तिचंच, वेडंवाकडं असेल तर लाटांनी आपटून फुटलेलं. तिच्या अंड्यांची वाळूची कॉलरही याच पट्ट्यात मिळते. हाताला रबरासारखी लागते, बघणारा तिला कचरा समजून लाथाडतो. उचलायची नाही, ओली असेल तर आत पिल्लं वाढत असतात.

पाण्याच्या कडेला पांढरे कुरव (सीगल) बसलेले. नोव्हेंबरात उत्तरेकडून येतात, मार्चपर्यंत राहतात. लोक त्यांना शेव-फरसाण घालतात, ते घालू नये.

भेळेचा मोह चौपाटी सोडताना पुरवावा, आधी नाही. तेलकट-तिखट हात डबक्यात घातले तर आतल्या जिवांना त्रास होतो.

चतुर्दशी. वांद्र्याचं बँडस्टँड, खडक

आजचा दिवस मोठा. ओहोटी पाचच्या आसपास, म्हणून पावणेचारला खाली.

खडकावर चालायची एकच रीत: हिरवं टाळायचं, काळं-कोरडं निवडायचं. हिरव्या शेवाळ्यावर कोणताही तळवा टिकत नाही. पिवळसर-पांढऱ्या खरखरीत पट्ट्यावर, जिथे बार्नकल (टणक कवचाचे बारीक जीव) चिकटलेले असतात, पकड चांगली मिळते, पण तिथे पडलात तर सोलून निघाल. पाय टाकण्याआधी दगड हलतो का ते बघायचं.

गुबगुबीत, बटणांसारख्या हिरवट गोलांनी भरलेले खडक दिसतात. त्यांना झोअँथिड म्हणतात, प्रवाळांचे नातलग. गालिचा म्हणून त्यावर चालू नये आणि बोटही लावू नये, त्यांच्यातल्या काही जातींत जहाल विष असतं. खऱ्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. हाजी अली-वरळीच्या किनाऱ्यावरच्या प्रवाळांच्या काही वसाहती कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये उचलून दुसरीकडे हलवल्या, तेव्हा कुठे अनेकांना कळलं की मुंबईत प्रवाळ आहेत.

आता छत्री. खडकातल्या डबक्यात बघायला गेलं की आधी आभाळ दिसतं आणि स्वतःचं तोंड. काळी छत्री उघडून आभाळाच्या बाजूला तिरकी धरली की चकाकी जाते, पाणी तळापर्यंत स्वच्छ दिसतं. एकानं छत्री धरायची, एकानं बघायचं, मग अदलाबदल. एकट्यानं हे जमत नाही.

डबकं निवडताना मोठ्याच्या मागे लागू नये. घमेल्याएवढं, कडेला कपार असलेलं, तळाशी दोन-चार दगड असलेलं चांगलं. पहिली दोन मिनिटं काहीच नसतं. मग एक शंख चालायला लागतो. आत गोगलगाय नसून खेकडा असतो. याचं पोट मऊ, उघडं, त्यामुळे मेलेल्या गोगलगाईचा शंख पाठीवर घेऊन फिरतो आणि वाढला की मोठा शोधतो. रिकामा शंख सापडला की आधी बाहेरून फिरवून बघतो, तोंडात नांगी घालून माप घेतो, आणि पटलं तर क्षणात जुन्यातून नव्यात. तेवढ्या क्षणात त्याचं वाकडं, गुलाबीसर पोट दिसतं. किनाऱ्यावरचे शंख वेचून घरी न्यायचे नाहीत ते याच्यासाठी. काचेच्या बरणीत ठेवलेला प्रत्येक शंख म्हणजे इथे कमी झालेली एक खोली.

दगड उलटून बघायचा असेल तर एखादाच, स्वतःकडे उचलून, म्हणजे आतला जीव पळाला तर समुद्राकडे पळतो. खालच्या बाजूला स्पंज आणि अंडी चिकटलेली असतात, ऊन लागलं की मरतात. अर्ध्या मिनिटात होता तसाच, त्याच बाजूनं ठेवायचा. उलटा टाकून पुढे गेलात तर दोन्ही बाजूंचं मरतं: वरचं शेवाळ अंधारात आणि खालचं उन्हात.

समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी, दिसलं तर डिवचू नका. बोट लावलं की मिटतं हे खरं, पण पुन्हा उघडेपर्यंत त्याचं जेवण बंद असतं.

आणि एक: दोघांपैकी एकाचं लक्ष कायम पाण्याकडे. डबक्यात डोकं घातलेल्या माणसाला लाट दिसत नाही. माणसं अडकतात ती समोरून आलेल्या पाण्यानं नव्हे. खडकांत मागच्या बाजूला घळी असतात, त्या आधी भरतात, आणि टोकावर फोटो काढणाऱ्याला परतीची वाट गेल्याचा पत्ताच नसतो. खाली जातानाच घळी मोजून ठेवायच्या आणि वाट लक्षात ठेवायची.

खडकावर बोटभर लांबीचा, शेवाळी रंगाचा, पाठीवर फोड आल्यासारखा दिसणारा एक गोगलगायीचा भाऊबंद असतो, शंख नसलेला. नाव पेरोनिया. तो हवेत श्वास घेतो, ओहोटीला चरायला निघतो आणि पाणी परत यायच्या आत आपल्या कपारीत जातो. ते परतायला लागले की आपणही निघावं.

पौर्णिमा, दत्तजयंती

आज पुन्हा बँडस्टँड, थोडा उशिरा. सूर्य समुद्रात आणि चंद्र इमारतींमागून, दोन्ही एकाच सुमारास. यासाठी शहरात राहायला हरकत नाही.

निघण्याची वेळ मात्र अंदाजानं ठरवायची नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सहा तास धरा. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन, एक. चढ चार मीटरचा असेल तर पहिल्या तासात जेमतेम ३३ सेंटिमीटर चढतं, तिसऱ्या तासात अख्खा मीटर. पहिल्या तासाच्या संथपणाला भुलून लोक बसून राहतात. ओहोटीच्या वेळेनंतर वीस मिनिटांत वर यायचं, गप्पा वर कट्ट्यावर मारायच्या.

कट्ट्यावर कटिंग. दोन तास खाली मान घालून बघत बसल्यावर माणसं वेगळं बोलतात. ऑफिसचं रडगाणं अर्ध्यावर थांबतं नि ‘तो खेकडा दुसऱ्याला बाहेर ओढत होता का?’ यावर वाद सुरू होतो. तो वाद व्हॉट्सॲपवर पुढे तीन दिवस चालतो, तेही चांगलंच.

वद्य द्वितीया

अंधार पडल्यावरची ओहोटी. नवख्यांनी जाऊ नये. आज वही पूर्ण करायची.

प्रत्येक नोंदीत तारीख, तिथी, ठिकाण, ओहोटीची वेळ आणि उंची, वारा, पाणी गढूळ की नितळ. मग पाहिलेलं, पण नावाआधी वर्णन. ‘शंख’ असं लिहून काही कळत नाही. ‘पेराएवढा, काळपट, तोंडाशी पिवळा, खडकाच्या सावलीच्या बाजूला पाच’ असं लिहिलं तर पुढच्या वेळी ओळखता येतो. फोटो तीन: वरून, बाजूनं, आणि शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, नाहीतर आकार कळत नाही. ते आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले की जाणकार नाव सुचवतात, कधी त्याच दिवशी, कधी महिन्यांनी. नाव न मिळाल्यानं नोंद वाया जात नाही.

ऋतूचीही नोंद हवी. पावसाळ्यातल्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि हिवाळ्यात ती परत येते, त्यामुळे त्याच जागी कार्तिकात दिसलेला खडक माघात वाळूखाली गेलेला असू शकतो. आषाढ-श्रावणात खडकावर जायचंच नाही. वाळूवर निळा, फुग्यासारखा ब्लूबॉटल दिसला तर मेलेला वाटला तरी हात लावू नका, धागे डसतात. डसलाच तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं, धागे चिमट्यानं काढायचे, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवायचा. श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर थेट दवाखाना.

वद्य पक्षातही हिशेब तोच, प्रतिपदेपासून पुन्हा एक-दोन-तीन. अमावस्येला १५ धरायचे. वद्य त्रयोदशीला चारच्या सुमारास ओहोटी आहे. त्या दिवशी कार्टर रोड, आणि या वेळी गोरेगावकरांनी छत्री आणायची.