आमची वाटचाल : आधी मोजणी, मग खिडकी

जुन्या खिडक्या बदलून देणारी आमची छोटी फर्म. तिच्याबद्दल लिहायचं तर सुरुवात ब्लोअर डोअरपासून, म्हणजे घरातली हवेची गळती मोजणाऱ्या यंत्रापासून करावी लागेल. ते यंत्र आम्ही कर्ज काढून घेतलं, आणि त्याच कर्जापायी फर्म बंद पडायची वेळ आली होती.

दारात कापडी पडदा ताणायचा, त्यात पंखा बसवायचा, घरातली हवा बाहेर ओढून आतबाहेरच्या दाबात 50 पास्कलचा फरक आणायचा. तेवढा फरक टिकवायला पंख्याला ताशी किती घनमीटर हवा ओढावी लागते, ती त्या दाबाला घराची गळती. माझा भागीदार मूळचा सुतार. उदबत्ती चौकटीच्या कडेने नेताना धूर कुठे वाकतो, हे त्याला नेहमी माझ्याआधी दिसायचं.

मग आमच्याच धंद्यातल्या एकाने ‘खिडक्या बदला, बिल निम्मं करा’ अशी जाहिरात सुरू केली. यातलं ‘निम्मं’ कुठून आलं ते आम्हाला पक्कं ठाऊक होतं. एकेरी काच दर चौरस मीटरमागे, तापमानातल्या दर अंशाच्या फरकाला, साधारण 5.8 वॉट उष्णता जाऊ देते. साधी दुहेरी काच 2.8 च्या आसपास. काचेपुरतं निम्मं खरंच आहे. पण भिंती, छत, पाइप आणि वायरींची भोकं तशीच राहतात, मग सगळं बिल निम्मं कसं होईल? आम्ही मोजून हेच सांगायचो. लोक ऐकून घ्यायचे आणि काम त्याला द्यायचे.

सहा महिने असे गेले. हप्ते थकले. एका संध्याकाळी भागीदार म्हणाला, “आकडा थोडा फुगवून सांगू या, सगळेच सांगतात.” मी नाही म्हटलं. पुढच्याच महिन्यात तो त्या माणसाकडे कामाला लागला. त्याच्या घरची ओढाताण मला माहीत होती. तरी ते अजून खुपतं.

तारलं ते काकूंनी. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, मीटरचं रीडिंग दर आठवड्याला वहीत लिहिणाऱ्या. त्यांनाही आम्ही बचत थोडीच होईल म्हटलं होतं, पण घरच्यांच्या आग्रहाने काम तिकडे गेलं. नव्या खिडक्या बसल्या, झुळूक मात्र गेली नाही. तक्रार केली तर प्रमाणपत्र दाखवलं गेलं. ते खरंही होतं, फक्त ते प्रयोगशाळेत तपासलेल्या खिडकीचं होतं. भिंतीत ती कशी बसवली याचं नव्हतं.

काकूंनी आम्हाला बोलावलं. पहिलं रीडिंग घेतलं. मग प्रत्येक खिडकीवर प्लास्टिक ताणून चौकटीवरच टेप लावली. आकडा जेमतेम हलला, म्हणजे झडपा आणि त्यांच्या कडेचं रबर, म्हणजे गॅस्केट, ठीक. तिसऱ्या वेळी प्लास्टिक चौकटीबाहेर नेऊन थेट भिंतीवर चिकटवलं, आणि आकडा धाडकन खाली आला. कडेची पट्टी उचकटली. चौकट आणि भिंतीमध्ये बोटभर पोकळी, बाहेरून नुसता सीलंटचा हात फिरवलेला. कमी फुगणारा फोम, बॅकर रॉड (फटीत दाबून बसवायची फोमची दोरी), त्यावर नीट सीलंट, एवढंच काम होतं. काकूंनी ओळखीच्या घरोघरी हे सांगितलं आणि आमचा फोन वाजायला लागला.

पुढची वर्षं कामात गेली.

खिडक्या बदलायच्या विचारात असाल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. जुनी चौकट शाबूत असेल तर आधी पट्ट्या आणि गॅस्केट बदलून पुन्हा मोजून घ्या. बरंच काम तिथेच भागतं. आणि सरकत्या झडपेच्या ब्रशपेक्षा दाबून बंद होणाऱ्या झडपेचं रबर हवा जास्त चांगली अडवतं, तेव्हा नुसती काच बघून खिडकी निवडू नका. मोजणीच्या दिवशी गॅस गीझर आणि शेगडी बंद ठेवा, नाहीतर पंखा धुराड्यातला वायू उलटा घरात ओढतो. बिलांची तुलनाही नुसती महिन्याशी महिना लावून करू नका, दोन्ही वेळचं हवामान सारखं होतं का ते बघा. काकू रीडिंगशेजारी बाहेरचं तापमान लिहायच्या, म्हणून त्यांची वही कामी आली.

त्या दिवसाची तिन्ही रीडिंग काकूंनी स्वतःच्या हाताने वहीत उतरवली. त्यांच्या परवानगीने त्या पानाची झेरॉक्स आम्ही आजही प्रत्येक कोटेशनला जोडतो.