दुधाच्या हिशेबामागची पगारपावती

शनिवारी दुपारी आमचं विधी साहाय्य केंद्र बंद करायच्या बेतात होतो, तेवढ्यात कोल्हापूरच्याच यादवनगरातल्या एक ताई आल्या. नवरा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत. दोन मुलं. सात महिन्यांपासून घरात त्याचा एक रुपया नाही. पोटगीसाठी मोफत वकील मिळावा म्हणून त्यांनी आधी एका ठिकाणी विचारलं होतं, तर उत्पन्नाचा दाखला आणा म्हणून परत पाठवलेलं. त्या दाखल्यापायी महिना गेला होता.

हे ऐकून जीव तळमळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही. ओळखपत्र आणि साधा अर्ज एवढ्यावर वकील मिळतो.

आमच्याकडे शिकाऊ मुलांपैकी एकीने ऐकायचं, दुसऱ्याने लिहायचं असा नियम आहे. लिहिणाऱ्या मुलाने विचारलं, "नवऱ्याला पगार किती?" ताई म्हणाल्या, "मला काय ठाऊक न्हाई. डबा घिऊन जातोय एवढंच." त्याने रकान्यात 'माहीत नाही' लिहिलं. नवशिका हमखास इथेच चुकतो. पोटगीच्या अर्जात नवऱ्याचं उत्पन्न मोघम राहिलं, की समोरून 'मी रोजंदारीवर आहे' एवढं एकच वाक्य येतं. म्हणून आकडा विचारायचा नाही, कागद मागायचे.

पिशवी टेबलावर रिकामी केली. रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, लाइटबिलं, आणि पेनाने दुधाचा हिशेब मांडलेला एक चिठोरा. ऐकणारीने तो सहज उलटला. मागे दोन वर्षांपूर्वीची पगारपावती! खालचा भाग फाटलेला, म्हणजे एकूण रक्कम गेलेली. पण कपातीची एक ओळ शाबूत होती: पीएफ १,५६०. कामगाराचा पीएफ मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्के कापतात. पोरीने तिथंच भागाकार केला, १३,००० आले. ओव्हरटाइम वेगळा. (कपात १,८०० दिसली तर जपून. बऱ्याच कंपन्या १५,००० पगार धरूनच कापतात, खरा पगार त्याहून जास्त असू शकतो.)

मग मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी ते द्यावं लागतं. पानं बरीच असतात. घरभाडं, शाळेची फी, औषधं, सगळं महिन्याच्या हिशेबाने भरायचं. एकही रकाना कोरा सोडायचा नाही, लागू नसेल तर तसं लिहायचं. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, म्हणून अर्जाच्या शीर्षकातच 'ऊर्फ' घालून दोन्ही नावं घेतली. लग्नाची नोंदणी नव्हती. अर्ज करायला त्यावाचून अडत नाही. मुलांचे दाखले आणि लग्नातला फोटो जोडला.

आमच्या ऐकणाऱ्या-लिहिणाऱ्या दोघांकडे वकिलीची सनद नाही, त्यामुळे वकीलपत्र त्यांना घेता येत नाही. सोमवारी दोघं ताईंबरोबर कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे गेले. पॅनेलवरच्या वकीलबाई नेमल्या गेल्या. कच्चा मसुदा तयार असल्याने त्यांनी दुरुस्त्या करून गुरुवारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालचा पोटगीचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात दाखल केला, सोबत निकाल लागेपर्यंतच्या अंतरिम पोटगीचाही. एखादा कागद राहिलाय म्हणून थांबायचं नसतं. त्याच २०२० च्या निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणजे उशिराचा प्रत्येक दिवस मुलांच्या ताटातून जातो.

मूळ कागद आम्ही कधीच ठेवून घेत नाही. पावतीची दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढली आणि मूळ ताईंकडे दिली, कोर्टात दाखवावी लागेल, जपून ठेवा म्हणून सांगितलं. त्यांनी ती उलटी करून दुधाची बेरीज पाहिली. "ह्यातलं तीनशे चाळीस अजून द्यायचं ऱ्हायलंय," म्हणाल्या आणि घडी घालून पिशवीत ठेवली.