पैलवान खरं बोलत होता

वजन वाढलेला माणूस समोर बसला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, मी तर काहीच खात नाही." आम्ही डाएटिशियन लोक ते ऐकून मान हलवतो आणि मनातल्या मनात जवळपास दुप्पट करून लिहितो. याला आधारही आहे म्हणा, १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, डाएट करूनही वजन उतरत नाही म्हणणाऱ्यांनी सांगितलेलं खाणं खऱ्यापेक्षा ४७ टक्के कमी निघालं. त्यामुळे मी "काय खाता" असं सरळ विचारतच नाही. तेलाचा डबा किती दिवस पुरतो, साखर महिन्याला किती किलो येते, ताटात उरलेलं कोण संपवतं, असं विचारते. तिथे लोक खरं सांगतात.

पण हा माणूस वेगळा निघाला. कोल्हापूरचा, तालमीत वाढलेला, वय चाळिशीच्या आत. गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि कुस्ती सुटली त्याला १२ वर्षं झाली, तेव्हा वजन ९१ होतं. आता सिमेंट-पत्र्याच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. आमच्या ओपीडीतला काटा १२० च्या पुढे एरर दाखवतो (नवीन काटा मागून मागून मी थकले, ज्यांना वजनासाठीच पाठवतात त्यांचंच वजन इथे होत नाही), म्हणून खाली स्टोअरमध्ये पोती मोजायच्या काट्यावर उभं केलं. १२४. कंबर १२८ सेंटिमीटर, आपल्याकडे पुरुषांची मर्यादा ९०. पैलवानाचा नुसता बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) बघून फसायला होतं, स्नायूंचं वजनही त्यातच येतं, म्हणून टेप लावायचीच, आणि तीही पँटच्या पट्ट्यावर नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फक्त "थायरॉईड नॉर्मल, वजन कमी करा". एवढं लिहायला शिकावं लागतं का?

"मॅडम, पूर्वीच्या निम्मं बी खात न्हाई. खोटं कशाला बोलू?" सोबत वडील होते, त्यांनीही जोरात मान डोलावली.

मग मी जुना खुराक लिहून घेतला. अडीच लिटर म्हशीचं दूध, १०० ग्रॅम बदामाची थंडाई, दहा अंडी, मटण, सहा भाकऱ्या, वर तूप. साधारण सहा हजार कॅलरी. पहाटेपासून जोर-बैठका, लढती, संध्याकाळी परत मेहनत, त्यात ते सगळं जिरत होतं. आताचं लिहिलं: दूध एक लिटर, चार अंडी, चार भाकऱ्या, दोन चमचे तूप, भाजी-आमटी. तीन हजाराच्या आसपास. म्हणजे खरंच निम्मं! पुढच्या वेळी बायकोने वहीत मोजून आणलं, आकडा तोच.

घोळ असा की ९१ किलोच्या बसून काम करणाऱ्या माणसाला २३००-२४०० पुरतात. बाकीचं अंगावर बसत गेलं. वजन वाढलं की शरीराचा खर्चही वाढतो, त्यामुळे फरक हळूहळू कमी होत गेला असणार. सरासरी काढली तर १२ वर्षांत ३३ किलो म्हणजे दिवसाला साठेक कॅलरीच जमा, म्हशीचं दूध जेमतेम ६० मिली. कुणाच्या लक्षात येणार?

हे ऐकल्यावर वडील गप्पच झाले. मग म्हणाले, "बाई, ह्या पोराच्या दुधासाठी मी दोन म्हशी ठेवल्या, एकदा रानाचा तुकडा गहाण टाकला. आता सांगताय दूध कमी कर." कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर लोक समोर पिळलेलं धारोष्ण दूध पितात, त्या गावात मी दुधाचा ग्लास कमी करायला सांगत होते, माझी मलाच गंमत वाटली. आणि त्यांचं चुकीचं कुठे होतं? तालमीत खायला शिकवणारे शंभर, कुस्ती सुटल्यावर किती खायचं हे सांगणारा एक नाही. खुराक एकदम नाही, मेहनत कमी होईल तसा टप्प्याटप्प्याने उतरवायचा असतो, इतकी साधी गोष्ट आहे.

शेवटी दुधाचा एक ग्लास ठेवला, बाकीचं डेअरीला. भाकऱ्या तीन, ताक आणि कोशिंबीर भरपूर, अंडी होती तेवढीच ठेवली. गुडघ्यामुळे चालणं जमेना म्हणून पोहायला पाठवला. सहा किलो उतरले, मग लग्नसराई आली आणि काटा तिथेच अडकला. येतो मात्र नियमित.

मी त्याच्याकडून त्यांच्या तालमीच्या वस्तादांचा नंबर घेतला, म्हटलं कुस्ती सोडणाऱ्या पोरांसाठी खुराक उतरवायचा चार्ट फुकट करून देते. वस्तादांचा रिप्लाय आला, "मॅडम, आधी वाढवायचा द्या."