पुण्यात रोज चालवायला स्पोर्टी गाडी: हॉर्सपॉवरच्या आधी काय बघावं

जोरदार पिकअपची गाडी घ्यायची ठरली की बोलणं लगेच पीएस (इंजिनाची ताकद), न्यूटन-मीटर (टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ) आणि शून्य ते शंभरवर जातं. पण गाडी बारा महिने, रोज ऑफिसला न्यायची असेल तर तिचा निकाल भूमकर चौकातल्या रांगेत लागतो, सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर लागतो आणि जुलैमधल्या खड्ड्यांत लागतो. म्हणून आधी गिअरबॉक्स, मग टायर आणि ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची), आणि शेवटी इंजिनाची ताकद, असा क्रम लावावा असं मला ठामपणे वाटतं. या वर्गातल्या गाड्यांची ताकद आता सगळ्यांनाच पुरून उरते. फरक बाकीच्या गोष्टींत आहे.

आधी गाड्या समोर ठेवू. फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आणि स्कोडा स्लाव्हिया या दोन्ही आपल्या चाकणमध्येच बनतात. दोघींत १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन मिळतं, १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर, सोबत ७ गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), आणि व्हर्टसमध्ये ६ गिअरचा मॅन्युअलही. त्याच गाड्यांत १.० टीएसआयही आहे, ११५ पीएस आणि १७८ न्यूटन-मीटर. ह्युंदाई व्हर्नाचं १.५ टर्बो १६० पीएस आणि २५३ न्यूटन-मीटर देतं. लहान गाडी हवी असेल तर ह्युंदाईचीच आय२० एन लाइन, १.० टर्बो, १२० पीएस आणि १७२ न्यूटन-मीटर. व्हर्टस, स्लाव्हिया आणि व्हर्ना या तिघींना २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळाले, त्यामुळे त्या बाबतीत या तिघींत फार तोलत बसायची गरज नाही.

आता गिअरबॉक्स. व्हर्टस आणि स्लाव्हियाच्या १.५ मधला डीएसजी आणि व्हर्ना व आय२० मधला त्याच प्रकारचा डीसीटी, हे सगळे ड्राय क्लचचे आहेत. म्हणजे आत दोन क्लच असतात आणि ते तेलात बुडालेले नसतात. मोकळ्या रस्त्यावर हा गिअरबॉक्स अप्रतिम चालतो, गिअर कधी बदलला कळतही नाही. पण वाकडच्या पुलाखाली गाडी ताशी ५ किलोमीटरने सरकत असते तेव्हा क्लच ना पूर्ण लागलेला असतो ना पूर्ण सुटलेला. तो घासत राहतो आणि तापतो. त्यात संगणक इंधन वाचवण्यासाठी लवकर दुसरा गिअर टाकतो. त्या वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये क्लच आणखी घसरतो, लगेच पहिला टाकावा लागतो, आणि हे अर्धा-अर्धा तास चालतं. क्लच फार तापला तर डॅशबोर्डवर इशारा येतो. तो आला की गाडी बाजूला घेऊन पार्किंगमध्ये टाका आणि निवू द्या, रेटू नका.

हे टाळणं अवघड नाही, सवयीचा भाग आहे. पुढच्या गाडीच्या मागे इंचाइंचाने सरकू नका. एक-दीड गाडीचं अंतर पडू द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून एकदम पुढे जा आणि पुन्हा पूर्ण थांबा. ब्रेक पूर्ण दाबला की क्लच सुटतो. अर्धवट दाबला तर तो घासतच राहतो. रांग सरकतीच असेल तर गिअर मॅन्युअल मोडमध्ये टाकून पहिलाच धरून ठेवा. चांदणी चौकाच्या किंवा नवले पुलाच्या चढावर ॲक्सिलरेटरने गाडी अडवून धरणं ही क्लच जाळायची सर्वांत जलद पद्धत आहे. तिथे ब्रेक किंवा हिल होल्डवर (चढावर गाडी काही क्षण आपोआप धरून ठेवणारी सोय) भिस्त ठेवा. मधे रिकामी जागा सोडली की तिच्यात दोन रिक्षा आणि चार दुचाक्या घुसतील हे मान्य, तरी जागा सोडा.

टॉर्क कन्व्हर्टर या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिकची गोष्ट वेगळी आहे. व्हर्टस आणि स्लाव्हियाच्या १.० टीएसआयमध्ये टॉर्क कन्व्हर्टर मिळतो. त्यात सुरुवातीची सरक तेलातून होते, घासणारा क्लच मधे नसतो, त्यामुळे तो रांगेत तासन्‌तास कुरकुर करत नाही. गिअर बदलायला डीएसजीइतका चपळ नाही, एवढंच. ज्यांचा रोजचा प्रवास मुख्यतः हिंजवडी-वाकड पट्ट्यातल्या गर्दीतून आहे त्यांनी कागदावरचे ३५ पीएस सोडून हा गिअरबॉक्स घ्यावा, हे माझं स्पष्ट मत आहे. फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयमध्ये डीएसजी असूनही क्लच तेलातले आहेत, म्हणून तो तुलनेने सोशिक. पण आयात गाडीची किंमत वेगळ्याच गावची आहे.

मॅन्युअल घेणाऱ्यांसाठी एक मुद्दा टर्बोचा. व्हर्टसच्या १.५ मध्ये पूर्ण टॉर्क १६०० आरपीएमपासून (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) येतो, १.० मध्ये १७५० पासून. स्पीडब्रेकरवरून ताशी १५ किलोमीटरने उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जेमतेम हजाराच्या आसपास फिरत असतं. टर्बो तिथे झोपलेला असतो. अशा वेळी दुसऱ्याच गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला तर गाडी हुंदके देते, आणि छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत कमी आरपीएमवर जास्त भार टाकल्याने अवेळी ज्वलन होऊन पिस्टनवर आघात बसतो. पहिला गिअर टाका, किंवा १५०० पार होईपर्यंत पाय हलका ठेवा. इंजिन ऑइल गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मानकाचंच भरा, नुसता ग्रेड जुळतो म्हणून दुसरं नको.

टर्बोचा फायदा मात्र इथल्या उंचीवर सरळ दिसतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. साधं, टर्बो नसलेलं इंजिन दर १०० मीटरला जवळपास एक टक्का ताकद गमावतं. होंडा सिटीच्या १२१ पीएसपैकी पाच-सहा टक्के आपल्या घरापाशीच गेलेले असतात, आणि महाबळेश्वरला १३०० मीटरच्या वर ते दुपटीहून जास्त होतात. टर्बो हवा दाबून आत घेतो, म्हणून त्याला ही घट फारशी जाणवत नाही. उलट मे महिन्याच्या दुपारी, चाळीस अंशांत, रांगेत उभं राहिल्यावर टर्बो गाडीच मंदावते. टर्बोतली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला वारा मिळत नाही, आत जाणारी हवा तापते आणि संगणक इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो. रस्ता मोकळा झाल्यावर दोन-तीन मिनिटांत ती पूर्ववत होते, बिघाड समजून गॅरेज गाठू नका.

गाडी खालून घासणार की नाही हे फक्त ग्राउंड क्लिअरन्सवर ठरत नाही, पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावरही (व्हीलबेस) ठरतं. व्हर्टसचा क्लिअरन्स १७९ मिलिमीटर आणि व्हीलबेस २६५१. यावरून गाडीच्या पोटाला जो कोन मिळतो तो साधारण १५.४ अंश. आय२० चा क्लिअरन्स १७० च्या आसपास, पण व्हीलबेस २५८०, म्हणून तिचा कोन १५ अंश. आकडे वेगळे, निकाल जवळपास सारखाच. हा हिशेब रिकाम्या गाडीचा आहे. चार माणसं आणि सामान बसलं की गाडी ३० ते ३५ मिलिमीटर खाली बसते आणि कोन १२-१३ अंशांवर येतो. नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. तसा असेल तर कुठलीच गाडी घासणार नाही. सोसायट्यांच्या दारात आणि गल्लीबोळात घातलेले अरुंद, उभे उंचवटे हा खरा त्रास आहे. तिथे एक-एक चाक चढेल अशी गाडी तिरकी घ्या. बेसमेंटच्या रॅम्पवर पोटाआधी पुढचा बंपर टेकतो, तिथेही तिरकं जायला जागा आहे का ते आधी बघून ठेवा.

टायरबद्दल मी फार आग्रही आहे. व्हर्टस जीटीचा २०५/५५ आर१६ टायर (रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ५५ टक्के, रिम १६ इंची) घेतला तर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये साधारण ११३ मिलिमीटर रबर असतं. आय२० एन लाइनच्या १९५/५५ आर१६ ला १०७. हौसेने १७ इंची रिम लावून २१५/४५ टायर घातला की हे अंतर ९७ वर येतं. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची कड लागली की टायरच्या बाजूला फुगा येतो किंवा रिम वाकते. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, आतले धागे तुटलेले असतात, तो बदलावाच लागतो. पुण्यात १६ इंचांच्या वर जाऊ नये. पैसे घालायचेच असतील तर त्याच मापाचे, ओल्या रस्त्यावर पकड असलेले चांगले टायर घ्या. कंपनीकडून येणारे टायर बऱ्याचदा मायलेजसाठी निवडलेले आणि कडक असतात.

कायद्याने टायरची खाच १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. पावसाळ्यात चालवायचं असेल तर ३ मिलिमीटरवरच बदला, कारण पाणी बाहेर फेकायला खोली लागते. द्रुतगती मार्गावर ताशी १०० ने जाताना साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगते ती याच कमतरतेने. टायरवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, नवीन टायर घेतानाही ते वाचा. अलाइनमेंट मेअखेर एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा करून घ्या. चाकं दर १०,००० किलोमीटरला अदलाबदल करा, कारण या सगळ्या गाड्या पुढची चाकं ओढतात आणि पुढचे टायर लवकर झिजतात.

खडकवासल्यातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की नदीपात्रातला रस्ता विसरा. साचलेलं पाणी चाकाच्या मध्यापर्यंत दिसत असेल तर आत जाऊ नका. हवा ओढणारं तोंड नेमकं कुठे आहे ते बॉनेट उघडून बघून ठेवा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढूनच न्या. विम्यात इंजिन प्रोटेक्शनची जोड वेगळी मागून घ्या, नुसत्या झिरो डेप्रिसिएशनमध्ये (घसारा न कापणारी जोड) हे नुकसान धरलं जाईलच असं नाही. नदीकाठच्या सोसायटीत राहत असाल तर बेसमेंटमध्ये ठेवलेल्या गाडीलाही हेच लागू आहे.

ब्रेकवर थोडक्यात. व्हर्ना टर्बो आणि आय२० एन लाइनला मागेही डिस्क मिळाल्या, रस्त्यावर दिसणाऱ्या व्हर्टस आणि स्लाव्हियांना मागे ड्रम आहेत. यावरून नापसंत करण्याइतका हा फरक नाही, कारण जास्त काम पुढचे ब्रेक करतात. ताम्हिणी उतरताना डिस्क असो वा ड्रम, दुसरा-तिसरा गिअर धरून इंजिनलाच गाडी रोखू द्या.

पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी, म्हणून लिटरमागे साधारण सहा-सात टक्के फटका बसतो. शहरातल्या गर्दीत १.५ टर्बोकडून लिटरला ९ ते ११ किलोमीटरच्या वर अपेक्षा ठेवू नका. व्हर्टस, स्लाव्हिया आणि व्हर्नाची टाकी ४५ लिटरची आहे, आय२० ची ३७, त्यामुळे आय२० चा पंपाचा फेरा लवकर येतो.

किमतीत एक गोष्ट बरेच जण हिशेबात धरत नाहीत. सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्के, बाकीच्यांना ४०. आय२० एन लाइन ३९९५ मिलिमीटर आणि ९९८ सीसी, म्हणून ती १८ मध्ये बसते. व्हर्टसचं १.० इंजिन लहान असलं तरी गाडी साडेचार मीटर लांब, म्हणून ४०. त्यावर महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स, आणि कंपनीच्या नावावर घेतली तर तो २० टक्के.

माझी निवड अशी. पेठांत किंवा कोथरूडच्या गल्ल्यांत पार्किंग असेल तर आय२० एन लाइन मॅन्युअल. घरातली माणसं मागे बसणार असतील आणि मऊ बैठक हवी असेल तर व्हर्ना. महिन्यातून दोन-चारदा मुंबई, कोल्हापूर किंवा कोकण होत असेल तर व्हर्टस १.५, कारण वेगात ती रस्त्याला जशी चिकटून राहते तशी या यादीतली दुसरी राहत नाही. तिच्यातही रोजची गर्दी बेताची असेल तरच डीएसजी, नाहीतर मॅन्युअल.

टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी घेऊ नका. संध्याकाळी सहाला घ्या, चार माणसं बसवून घ्या, आपल्याच सोसायटीच्या रॅम्पवर चढवून बघा आणि तिथूनच रिव्हर्समध्ये वर घ्या. जुनी घेत असाल तर हीच चाचणी सर्वांत बोलकी ठरते. ड्राय क्लच झिजला असेल तर रिव्हर्समध्ये चढताना आणि पहिल्या गिअरमध्ये सरकताना गाडी थरथरते. जुन्या पोलो जीटीत १.२ टीएसआयला ड्राय क्लचचा डीएसजी होता, २०२० नंतरच्या १.० टीएसआयला टॉर्क कन्व्हर्टर आला. रोजच्या वापराला घ्यायची तर दुसरी शोधा, आणि तिच्या इंधन नळ्या व सील वीस टक्के इथेनॉलसाठी बनवलेले नाहीत हे धरून सर्व्हिसला ते दरवेळी तपासून घ्या.