तंजावूरच्या भिंती वाचताना

तंजावूरला बृहदीश्वर मंदिरात गेलेला माणूस आधी मान वर करून ते प्रचंड विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर बघतो, जवळजवळ 200 फूट उंच आहे त्यामुळे बघणारच, पण मी म्हणेन की नंतर नजर जोत्यावर आणा आणि सावकाश एक प्रदक्षिणा घाला. सकाळी लवकर जा, अनवाणी फिरायचं असतं आणि दहानंतर दगड चटके द्यायला लागतो.

जोत्याच्या सगळ्या थरांवर तमिळ अक्षरं कोरलीत, ओळीच्या ओळी. मंदिर 1010 च्या सुमारास पूर्ण झालं आणि ते बांधणाऱ्या राजराज चोळ राजाने हुकूम काढला की आम्ही दिलेलं, आमच्या अक्काने दिलेलं, आमच्या बायकांनी दिलेलं आणि इतर कुणी दिलेलं, सगळं दगडावर कोरा. अक्का म्हणजे कुंदवै. मग काय, दागिने, मूर्ती, धान्य, सगळ्याचा हिशोब भिंतीवर! एक नंदादीप कायम तेवत राहावा म्हणून 96 मेंढ्या सांभाळायला दिल्या, त्यांच्या तुपावर दिवा चालायचा. 400 नर्तकींची यादी आहे, कुठल्या आळीत, कितवं घर, नाव काय, कुठल्या गावच्या देवळातून आणली, आणि प्रत्येकीला वर्षाला 100 कलम भात, कलम म्हणजे धान्याचं जुनं माप. मला हे वाचून भरूनच आलं, हजार वर्षांपूर्वीच्या इतक्या साध्या बायकांची नावं आपल्याकडे कुठे सापडतात हो?

लेखाच्या सुरुवातीला राजाच्या पराक्रमाची स्तुती असते, तिला मेयकीर्ती म्हणतात. राज्य जसं वाढत गेलं तशी ही स्तुतीही लांबत गेली, म्हणून कुठला लेख आधीचा कुठला नंतरचा हे अभ्यासकांना त्यावरूनही ठरवता येतं. तरी माझा विश्वास विचाराल तर स्तुतीपेक्षा मेंढ्यांच्या हिशोबावर जास्त.

त्याच आवारात आपला देवनागरीतला भलामोठा मराठी शिलालेख आहे, तंजावूरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास. तमिळनाडूत इतकं मराठी एका जागी वाचताना ऊर भरून येतो, पण तोही राजानेच लिहवून घेतलाय हे लक्षात ठेवून वाचावा.

दुपारी राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात गेले. काचेमागे ताडपत्रं आहेत, हाताच्या चार बोटांपेक्षाही अरुंद, त्यावर अणकुचीदार लोखंडी लेखणीने अक्षर कोरायचं आणि मग काजळी चोळायची की ते उठून दिसतं. दगडाचं ठीक आहे, पण पान काही शतकांत कीड आणि दमटपणाने संपतं, म्हणजे प्रत्येक पोथी कुणीतरी परत परत उतरवली म्हणून आपल्यापर्यंत आली. त्यात शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, व्यंजनावरचा टिंब, म्हणजे तमिळमधली आपल्या पाय मोडण्यासारखी खूण, बहुतेक वेळा दिलेलाच नसतो. अशा पानांवरून तमिळ पंडित उ. वे. स्वामीनाथ अय्यरांनी गावोगाव फिरून, पाठ ताडून बघत जुनी तमिळ काव्यं छापली, 1887 मध्ये 'जीवक चिंतामणी', 1892 मध्ये 'शिलप्पदिकारम', 1894 मध्ये 'पुरनानूरु'. तमिळचा प्राचीन काळ आज वाचता येतो त्यात या माणसाचा वाटा फार फार मोठा आहे.

नंतर कांचीपुरमहून उत्तरमेरूरला गेले, तिथे दगड आणि ताडपत्र एकत्र भेटतात. पहिल्या परांतक चोळाच्या काळातला, म्हणजे साधारण 920 चा लेख, त्यात गावसभेच्या निवडणुकीचे नियम. 30 वॉर्ड, उमेदवाराचं नाव ताडपत्राच्या चिठ्ठीवर लिहून घागरीत टाकायचं, सगळ्यांसमोर घागर हलवायची आणि लहान मुलाकडून चिठ्ठी काढायची, ती घेणाऱ्याने पाचही बोटं उघडी ठेवायची. त्या चिठ्ठ्या कधीच मातीत गेल्या, नियम मात्र भिंतीवर आहेत. वय 35 ते 70, नावावर जमीन हवी, म्हणजे सगळ्या गावाला संधी होती असं मुळीच नाही. पण आधी समितीवर असताना ज्याने हिशोब दिला नाही तो बाद, आणि त्याचे नातेवाईकसुद्धा बाद, आणि कुठले कुठले नातेवाईक तेही दगडावर एकेक करून लिहिलंय.